एकच कोड, तीन दुखणी: जुन्या वॉशरच्या ड्राइव्हवर पुन्हा पुन्हा येणारा 'ओयू'

"मास्तर, परत ओयू आला की ओ."

पहाटे सहाला फोनवर हे ऐकायचं, चहा तसाच ठेवायचा आणि गाडी काढायची, असं माझं जवळपास वर्षभर चाललं होतं. अण्णांचं धुलाईचं युनिट सोलापूरच्या पूर्व भागात, चारी बाजूंनी यंत्रमागाच्या शेडमध्ये दाबून बसलेलं. लॉजच्या चादरी-अभ्रे आणि मागावरून उतरलेले कोरे टॉवेल, दोन्ही तिथं धुतले जातात. पंढरपूरची वारी, अक्कलकोट-तुळजापूरचे भाविक, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा, या दिवसांत गावातले लॉज भरले की अण्णांचं मशीन रात्रंदिवस फिरतं. ड्राइव्ह, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारी पेटी, ट्रिप मारायला (स्वतःहून बंद पडायला) मुहूर्तही तोच शोधायचा.

ओयू म्हणजे ओव्हरव्होल्टेज, ड्राइव्हच्या आतलं व्होल्टेज हद्दीबाहेर गेल्याचा कोड. काही ड्राइव्हच्या डिस्प्लेवर तेच ओव्ही म्हणून येतं. आमच्याकडे या एका कोडमागे तीन निराळी कारणं निघाली, तीही एकदम नाही. एक मिटवलं की काही काळानं दुसरं डोकं वर काढायचं. त्यामुळे दर वेळी वाटायचं, आपला आधीचा इलाजच कच्चा राहिला. तसं नव्हतं. जुन्या वॉशरला, हायड्रोला (कापड पिळायच्या मशीनला) किंवा जड ड्रमच्या कुठल्याही मशीनला ड्राइव्ह बसवून जो कोणी याच चक्रात सापडला असेल, त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी मशीन काय होतं ते सांगतो. युरोपात बनलेला, मुंबईच्या भंगारातून आलेला पुढून दार असलेला वॉशर. कोरडं 25 किलो कापड घेतो. पत्रा असा की आज कोणी एवढा जाड वापरणार नाही, आणि बेअरिंगची घरं बघूनच जीव जडतो. मूळ मोटर दोन वाइंडिंगची होती, धुण्यासाठी जास्त पोलचं, म्हणजे कमी वेगाचं, आणि पिळण्यासाठी कमी पोलचं, म्हणजे जास्त वेगाचं. पिळायचं वाइंडिंग जळालेलं. रिवाइंडिंगवाल्यानं सांगितलेला भाव आणि नव्या मोटरचा भाव यात फार अंतर नव्हतं, म्हणून 5 एचपीची साधी 1440 आरपीएमची मोटर आणि 3.7 किलोवॅटचा ड्राइव्ह, असं ठरलं. मोटरच्या आणि ड्रमच्या पुलीचं प्रमाण 1 ला 4. धुताना ड्रम मिनिटाला 45 फेरे घेतो, तेव्हा ड्राइव्ह सव्वासहा हर्ट्झच्या आसपास असतो. पिळताना 500 फेरे, तेव्हा 70 हर्ट्झ.

इथंच दोन गोष्टी सांगून मोकळा होतो, कारण त्यांचा ओयूशी संबंध नसला तरी प्रश्न हमखास येतात. पहिली, सव्वासहा हर्ट्झवर मोटरचा स्वतःचा पंखा नावालाच फिरतो. सोलापूरच्या मे महिन्यात शेडमध्ये पारा 43-44 ला टेकलेला असताना ती मोटर भाजून निघते. मागच्या बाजूला वेगळा, थेट लाइनवर चालणारा पंखा लावा. दुसरी, ड्राइव्ह 100 हर्ट्झ देऊ शकतो म्हणून पिळायचा वेग वाढवायचा मोह आवरा. वेग 20 टक्के वाढला की ड्रमवरचा ताण 44 टक्के वाढतो. पाटीवर जो कमाल वेग कोरलाय तो बनवणाऱ्यानं उगाच कोरलेला नाही. अण्णांनी मला हे चार वेळा विचारलं. चारही वेळा नाही म्हणालो.

पहिला ओयू: थांबताना

पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की पिळणं संपून ड्रम थांबायला लागला की ड्राइव्ह ट्रिप मारतो. ओलं कापड जास्त असेल तर नक्की, कमी असेल तर कधीमधी. मी थांबण्याची वेळ 10 सेकंद ठेवली होती.

अण्णांचा प्रश्न बिनतोड होता. "जुन्या मोटरला हा रोग नव्हता, मग नवीन माल घालून काय मिळवलं?" जुन्या मोटरला तो रोग का नव्हता, यातच सगळी मेख आहे. पिळणं संपलं की जुना टायमर कमी पोलचं वाइंडिंग सोडून जास्त पोलचं जोडायचा. ड्रम अजून जोरात, आणि मोटरचा ठरलेला वेग मात्र एकदम खाली आलेला. अशा वेळी मोटर जनरेटर होते. ड्रमच्या फिरण्यातला जोर काही मोटरच्या अंगात उष्णता होऊन जिरायचा, काही सरळ लाइनमध्ये परत जायचा. कोणाला पत्ताही लागायचा नाही.

ड्राइव्ह लावल्यावरही मोटर जनरेटर होतेच. फ्रिक्वेन्सी खाली येते, ड्रम मात्र मागे राहायला तयार नसतो. पण आता परतीचा रस्ता बंद असतो. ड्राइव्हच्या तोंडाशी डायोडचा रेक्टिफायर बसलेला आहे, म्हणजे आत जायचं दार आहे, बाहेर यायचं नाही. परत आलेली वीज ड्राइव्हच्या पोटातल्या कपॅसिटरवर, म्हणजे डीसी बसवर साचत जाते.

किती साचते, हे एकदा कागदावर मांडलं तेव्हा माझाच माझ्यावर विश्वास बसेना. लाइन 415 व्होल्ट असेल तर डीसी बस त्याच्या 1.414 पट, म्हणजे 587 च्या आसपास असते. आमचा ड्राइव्ह 800 च्या थोडं वर गेला की ट्रिप मारतो. कपॅसिटर 500 मायक्रोफॅरॅडच्या आसपासचा. 587 पासून 800 पर्यंत चढताना त्यात मावते साधारण 74 ज्यूल ऊर्जा. आणि ओल्या कापडासकट ड्रम 500 फेऱ्यांवर फिरतो, तेव्हा त्याच्यात माझ्या अंदाजानं 16,000 ज्यूल असतात. त्यातला बराच भाग घर्षणात आणि मोटरमध्ये जिरतो हे धरलं, तरी वाटीत घागर ओतायचाच हा प्रकार. ड्राइव्ह ट्रिप मारतो ते शहाणपण आहे, बिघाड नाही.

मग मी काय केलं? जे सगळे करतात ते. थांबायची वेळ 10 वरून 40 सेकंद केली. ओयू गायब. अण्णांनी पेढे नाही, पण शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा डबा दिला. मी खूश होऊन घरी गेलो.

चौथ्या दिवशी कामावरच्या पोरानं दार उघडलं तेव्हा ड्रम अजून फिरत होता.

कोणाला काही झालं नाही. पण तो फोन आल्यावर माझे हात कापत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. चूक पूर्ण माझी. जुन्या मशीनचं दार कॅम टायमरवर चालतं. पिळणं संपल्यावर टायमर 30 सेकंद मोजतो आणि दाराचं सोलेनॉइड, म्हणजे विजेवरची कडी, सोडतो. मूळ मोटर तेवढ्या वेळात ड्रम थांबवायची, म्हणून बनवणाऱ्यानं तेवढेच सेकंद ठेवले. मी थांबण्याचे सेकंद वाढवले, दाराचे तेच राहिले. "डिसेल टाइम वाढवा" हा सल्ला कोणीही उठून देतो, मीही कित्येकांना दिलाय. कन्व्हेअरला, पंख्याला चालून जातो. ज्या मशीनच्या दारातून माणूस हात आत घालतो, त्याला तो देण्याआधी दार कशावर उघडतं ते बघायलाच हवं. ड्रम मोकळा सोडून आपोआप थांबू द्यायचा पर्याय तर त्याहून वाईट. आमचा ड्रम तसा सोडला तर दोन मिनिटांच्या वर फिरत राहतो.

त्याच दिवशी दाराची जोडणी बदलली. ड्रमच्या पुलीसमोर एक प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि त्याच्या मागे वेग शून्य झाल्याशिवाय न सुटणारा रिले. टायमर काहीही म्हणो, पुली थांबल्याशिवाय सोलेनॉइडला वीज नाही. सेन्सरची वायर तुटली तर दार बंदच राहावं, उघडू नये, अशा बाजूनं ते जोडा. ड्राइव्हमध्ये 'शून्य वेग' दाखवणारा रिले असतो, पण दारासाठी मी तो एकटा वापरत नाही. ड्राइव्ह ट्रिप मारून आउटपुट बंद करतो, तेव्हा त्याच्या लेखी वेग शून्य असतो. ड्रमच्या लेखी नसतो.

हे झालं दाराचं. ओयूचा खरा इलाज म्हणजे ती घागर रिकामी करायला दुसरी जागा देणं, म्हणजे ब्रेक रेझिस्टर. या मापाच्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये ब्रेकचा ट्रान्झिस्टर आतच असतो, फक्त बाहेर रेझिस्टर जोडायचा. बस एका ठरावीक आकड्यावर पोचली की ट्रान्झिस्टर चालू होतो आणि जास्तीची वीज रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. आमच्या ड्राइव्हचा तो आकडा 720. मॅन्युअलमध्ये कमीत कमी किती ओहम चालतील ते दिलेलं असतं, त्याच्या खाली जाऊ नका, नाहीतर पहिल्याच ब्रेकला ट्रान्झिस्टर जातो. आम्ही 150 ओहम, 500 वॅटचा घेतला. 720 व्होल्टला तो क्षणभर साडेतीन किलोवॅट खातो, पण खाणं काही सेकंदांचं आणि अर्ध्या तासात दोन-तीनदाच, म्हणून 500 वॅट पुरतात.

जोडताना टर्मिनल दोनदा वाचा. रेझिस्टर प्लस आणि ब्रेकच्या टर्मिनलमध्ये जातो. प्लस आणि मायनसमध्ये जोडला तर तो चोवीस तास बसवर बसेल. आणि हे सगळं करण्याआधी मेन बंद करून दहा मिनिटं थांबा, मग मीटरनं बस मोजा. डिस्प्ले विझला म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असं नाही. एका ओळखीच्या वायरमनच्या पान्याचं टोक वितळलेलं आहे, तो ते अजून खिशात घेऊन फिरतो आणि शिकाऊ पोरांना दाखवतो.

रेझिस्टर पॅनेलच्या आत ठेवू नका, हे सोलापुरात तरी दोनदा सांगावं लागतं. टॉवेलच्या युनिटमध्ये हवेत रुई तरंगत असते. तापलेला रेझिस्टर आणि त्यावर बसलेली रुई, पुढचं सांगायला नको. आम्ही तो भिंतीवर उंच, जाळीच्या पेटीत लावला, आणि त्यावरचा थर्मल स्विच मेन कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये मालिकेत घातला. ब्रेकचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर 150 ओहमवर 587 व्होल्ट कायम बसतील, म्हणजे 500 वॅटच्या रेझिस्टरमध्ये सतत 2,300 वॅट. त्या वेळी ड्राइव्हला थांब म्हणून उपयोग नाही, मेनच तुटला पाहिजे.

एवढं सगळं केलं, मशीन चालू केलं, थांबायची वेळ 12 सेकंद ठेवली. ड्रम थांबायला 35 सेकंद. मधूनच ओयू. मशीन बंद केल्यावर रेझिस्टरजवळ हात नेला, थंडगार. म्हणजे एकही वॅट तिकडे गेलाच नव्हता.

अर्धा दिवस मी वायरिंग उलटंपालटं तपासलं. दुखणं पॅरामीटरमध्ये होतं. ड्राइव्हमध्ये ओव्हरव्होल्टेज स्टॉल नावाची सोय असते आणि कारखान्यातून येतानाच ती चालू असते. बस वर चढू लागली की हा स्टॉल फ्रिक्वेन्सी खाली आणणं रोखून धरतो. रेझिस्टर नसताना तो उपकार आहे. पण आमच्या ड्राइव्हमध्ये स्टॉलचा आकडा ब्रेकच्या आकड्याच्या खाली होता, त्यामुळे बस ब्रेकच्या आकड्यापर्यंत धड पोचतच नव्हती, आणि एखाद्या जड लोडला स्टॉलची पकड सुटली की थेट ट्रिप. रेझिस्टर लावला की स्टॉल बंद करायचा, हे मॅन्युअलमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ मी नंतर वाचली. स्टॉल बंद केला आणि ड्रम मोजून 12 सेकंदांत उभा राहिला. रेझिस्टर कोमट.

तुमच्याकडे रेझिस्टर लावूनही ओयू येत असेल तर आधी हे बघा. दहापैकी आठ ठिकाणी इथंच सापडेल, असं माझं मत आहे. मोजून काढलेला आकडा नाही.

दुसरा ओयू: उभा असताना

दीड महिना शांततेत गेला. मग गड्ड्याच्या आधी आठ दिवस फोन आला. "मास्तर, परत ओयू आला की ओ."

मी जाताना वाटेतच ठरवून टाकलं होतं की रेझिस्टरची वायर सुटली असणार. नव्हती. ओहम बरोबर, स्टॉल बंदच. रिसेट केला, चार लोड चालवले, काही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे परत. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी परत. अण्णांचा संयम संपत आला होता आणि त्यात त्यांची चूक नव्हती. ड्राइव्हच खराब म्हणून त्यांनी दुसऱ्या युनिटमधला त्याच मापाचा ड्राइव्ह काढून आणला. तोही दुसऱ्या पहाटे ओयूवर गेला.

तेव्हा मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं ते काम केलं, फॉल्टची नोंद उघडली. बहुतेक ड्राइव्ह ट्रिपच्या क्षणी फ्रिक्वेन्सी किती होती, करंट किती, डीसी बस किती, हे साठवून ठेवतात. आम्ही सगळे डिस्प्लेवरचा कोड वाचतो आणि रिसेट दाबतो. रिसेट दाबायची आपल्या लोकांना एवढी घाई असते की काय विचारता. नोंद होती: फ्रिक्वेन्सी 0.00, करंट 0.0, बस 811.

ड्रम उभा होता. मशीन पाणी भरून घेत होतं. फिरतच नसलेला ड्रम वीज परत कुठून पाठवणार? म्हणजे रेझिस्टर, स्टॉल, थांबायची वेळ यांतलं काहीच या प्रकरणात नव्हतं. हा ओयू लाइनमधून आत येत होता.

पुढच्या पहाटे साडेपाचलाच मीटर घेऊन जाऊन बसलो. आजूबाजूचे माग बंद, अख्खी गल्ली चिडीचूप. लाइन 452 व्होल्ट. 415 ला 6 टक्के धरले तर 440 पर्यंत ठीक, हे त्याच्याही वर. माग बंद असले की फीडरवर ओझं नसतं आणि व्होल्टेज चढतं, यात नवल नाही. 452 ला बस 639 वर उभी. तरीही 800 ला बरंच अंतर होतं. सहा वाजून गेले. शेजारच्या शेडचं शटर वर गेलं, ट्यूब लागल्या, आणि आमच्या ड्राइव्हनं डोळ्यांदेखत ट्रिप मारली. माग एकही चालू झाला नव्हता.

शेजारच्या मामांना विचारलं, आत्ता काय चालू केलंत? "काय नाही ओ, मेन टाकला, कपॅसिटर टाकला, आता माग टाकतो." त्यांच्या मेन पॅनेलमध्ये पॉवर फॅक्टर सुधारायला जुना, एकगठ्ठा कपॅसिटर होता, हातानं टाकायचा. बऱ्याचदा सकाळी माग सुरू करायच्या आधीच ते तो टाकायचे. कधी आधी, कधी नंतर, म्हणून आमचा ओयू कधी यायचा, कधी नाही.

रिकामा कपॅसिटर लाइनला जोडला की व्होल्टेज आधी दचकून खाली जातं आणि मग उसळी मारून नेहमीच्या शिखराच्या वर जातं. काही मिलिसेकंदांचा खेळ, साध्या मीटरला दिसतही नाही. बल्ब, मोटर यांना फरक पडत नाही. ड्राइव्हचा रेक्टिफायर मात्र शिखरावरच जगतो. जेवढं उंच शिखर, तेवढी बस चढते. 639 च्या शिखराला 27 टक्क्यांची उसळी मिळाली की 811. आणि ड्राइव्ह रिकामा उभा असेल तर चढलेली बस खाली आणायला काही कामही चालू नसतं. दुपारी हेच झालं तर लाइन 410-415 वर असते आणि गल्लीभर माग चालू असल्यानं उसळी मरते. म्हणून हे दुखणं फक्त पहाटेचं. मग रेझिस्टरनं ही उसळी का खाल्ली नाही? आमच्या ड्राइव्हमध्ये मोटर चालू नसताना ब्रेकचा ट्रान्झिस्टर कामच करत नाही.

यावर इलाज म्हणजे ड्राइव्हच्या इनपुटला थ्री फेज चोक, म्हणजे लोखंडी गाभ्यावरची तारेची वेटोळी. साधारण 3 टक्क्यांचा घेतात. 3.7 किलोवॅटच्या ड्राइव्हला 10 अँपिअरचा, सव्वादोन मिलिहेन्रीच्या आसपासचा चोक होतो. उसळीचं टोक तो बोथट करतो, शिवाय ड्राइव्हच्या डायोड आणि कपॅसिटरचं आयुष्य वाढतं. खरं सांगायचं तर यंत्रमागाच्या वस्तीत ड्राइव्ह बसवताना चोक पहिल्या दिवशीच घ्यायचा असतो. कोटेशन कमी दिसावं म्हणून आपण तो गाळतो. मीही गाळला होता.

दुसरा इलाज फुकटचा होता. मामांना सांगितलं, आधी चार माग टाका, मग कपॅसिटर. ते हसले, "एवढंच होय?" त्यांचाही त्यात फायदा होता, बिनओझ्याच्या लाइनवर कपॅसिटर ठेवून त्यांचंच व्होल्टेज चढत होतं. व्होल्टेज पहाटे जास्त राहतं म्हणून अण्णांनी वीज कंपनीला अर्जही दिलाय, डीपीवरचा टॅप बदलून मिळावा म्हणून. चोक बसल्यापासून पहाटेचा ओयू एकदाही आलेला नाही.

तिसरा ओयू: वळवाच्या पावसात

हा लवकर सापडला, कारण तोवर मी पॅनेलच्या दाराला आतून दोरीनं पेन्सिल आणि शंभर पानी वही बांधली होती. ट्रिप आली की रिसेटच्या आधी लिहायचं: किती वाजले, ड्रम काय करत होता, नोंदीतले तीन आकडे, बाहेर काय चाललंय. पोरानं अडखळत का होईना, नेमानं लिहिलं. मे महिन्याच्या शेवटाला एका संध्याकाळी त्यानं लिहिलं: "पाऊस वारा. लाइट गेली आली. पिळत होतं. ओयू."

लाइट जाऊन लगेच आली की आमच्या ड्राइव्हवर आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय चालू होती, कोणी चालू ठेवली ते विचारू नका. पिळताना वीज गेली, ड्रम आपल्या जोरावर फिरतच राहिला. वीज आली तशी ड्राइव्हनं शून्यापासून सुरुवात केली. फिरत्या मोटरला एकदम एक-दोन हर्ट्झ दिले म्हणजे पुन्हा तोच जनरेटर, या वेळी पूर्ण वेगावर आणि उतरण न देता. कधी ओयू येतो, कधी ओव्हरकरंट. दोन्हींचं मूळ एकच. कधी हे, कधी ते येतं म्हणून ड्राइव्ह वेडा झालाय असं समजू नका.

फिरत्या मोटरचा वेग शोधून तिथून पकडायची सोय, तिला स्पीड सर्च किंवा फ्लाइंग स्टार्ट म्हणतात, ड्राइव्हमध्ये असते. पंख्याला ती लावा. वॉशरला मी आपोआप सुरू होणंच बंद केलं. वीज गेली, आली, तर माणसानं येऊन दार बघून बटण दाबायचं. अण्णा कुरकुरले, एक लोड वाया जातो म्हणाले. मी फिरत्या ड्रमवर उघडलेल्या त्या दाराची आठवण करून दिली, मग गप्प बसले.

याच ओघात आणखी एक सांगतो. जुन्या मशीनचे उलट-सुलट फिरवणारे दोन कॉन्टॅक्टर काही जण तसेच ठेवतात आणि ड्राइव्हच्या आउटपुटला जोडतात. चालू मोटरवर तो कॉन्टॅक्टर तुटला-जुळला की ड्राइव्हला झटका बसतो, आणि कोड दर वेळी निराळा येतो. ते कॉन्टॅक्टर मोटरच्या वाटेतून काढा. टायमरचे तेच संपर्क ड्राइव्हच्या पुढे-मागे या इनपुटला द्या, कोरडे, म्हणजे 230 व्होल्ट तिथं जाणार नाहीत असे. आणि मोटरचं इन्सुलेशन मेगरनं, म्हणजे चढं व्होल्टेज देऊन तपासणाऱ्या मीटरनं, बघायचं असेल तर ड्राइव्हच्या तारा आधी सोडा. मेगरनं मारलेले दोन ड्राइव्ह माझ्या माळ्यावर पडलेत, दोन्ही दुसऱ्यांचे, दोन्हींचं बिल मात्र माझ्याशी भांडून झालेलं.

तुमच्याकडे वारंवार ओयू येत असेल आणि मला फोन केलात, तर मी पहिला प्रश्न हाच विचारीन की तेव्हा ड्रम काय करत होता. थांबत होता, उभा होता, की वीज जाऊन आली होती? "आला कधीतरी" असं उत्तर मिळालं तर मी फोनवर काहीच सांगू शकत नाही. वही बांधा, आठ दिवसांनी फोन करा.

अण्णांच्या वहीत ओयूची शेवटची नोंद त्या वळवाच्या संध्याकाळचीच आहे. तिच्याखाली गेल्या महिन्यात पोरानं नवीन अक्षरं काढलीत, ओएच म्हणजे ओव्हरहीट, ड्राइव्ह तापला: "ओएच. दुपारी अडीच. पिळत होतं. पंखा रुईनं भरला होता, ब्रशनं काढला, चालू झालं. मास्तरांना फोन केला नाही."